फावल्या वेळाचा दर काय?

ऑनलाइन किंवा एखाद्या मॉलमध्ये खऱ्या क्रोशाचा टॉप चारशे-पाचशे रुपयांना दिसला तर एक गोष्ट लक्षात घ्या. तो कुणीतरी हाताने विणलेला आहे. मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम लीने 1589 मध्येच बनवलं, आणि दोन सुयांवरचं विणकाम हळूहळू कारखान्यात गेलं. क्रोशाचं तसं झालं नाही. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर रांगेत उभी असते, यंत्राला ते जमतं. क्रोशात सुईवर बहुतेक वेळा एकच फास असतो, आणि पुढचा टाका कुठल्या भोकातून काढायचा हे दर वेळी बोटं ठरवतात. कारखान्यात सर्रास चालेल असं खऱ्या क्रोशाचं यंत्र आजही नाही. साडीला लावायच्या लेसा काढणाऱ्या यंत्रांना क्रोशे मशीन म्हणतात खरं, पण त्यांची वीण वेगळी.

म्हणजे तो टॉप स्वस्त मिळतोय, कारण कुणाच्या तरी हाताचे तास स्वस्त आहेत. आज मला या तासांबद्दलच लिहायचंय. राजकारण उद्या.

माझी आई क्रोशा करायची. आमच्या पिढीच्या बहुतेकांच्या घरी हे होतंच. रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेली जाळी, दाराला तोरण, देवाच्या पाटावर गोल आसन. फ्रिज आला तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याच्या डोक्यावरही रुमाल चढला. जुन्या साड्यांची गोधडी, उरलेल्या लोकरीचं टोपडं, फाटक्या स्वेटरची उसवलेली लोकर वाफेवर सरळ करून पुन्हा नवा स्वेटर. तिची सुई माझ्या जुन्या कंपासपेटीत असायची.

तिच्याकडे गल्लीतल्या बायका यायच्या. मुलीच्या रुखवतासाठी तोरण करून द्या, बाळंतविड्यासाठी टोपडं-मोजे करून द्या. दोरा त्या आणायच्या, काम आई करायची. मोबदला काय? खण, नारळ, आणि "तुमच्या हाताला काय सुंदर वळण आहे हो वहिनी." वडील म्हणायचे, तेवढाच तिला विरंगुळा. विरंगुळा होताच, नाही असं नाही. पण खांब मोजत असताना कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली की ती अख्खी ओळ उसवायची, तेव्हा तिचा चेहरा विरंगुळ्याचा नसायचा. रात्री साडेदहाला ओटा आवरून झाला की तिचा हा फावला वेळ सुरू व्हायचा.

हा 'फावला वेळ' शब्द मला गेली वीस वर्षं छळतोय. महिला मेळाव्याच्या प्रेसनोटमध्ये तो हमखास असतो. "महिलांनी फावल्या वेळात हस्तकलेतून साधली प्रगती." केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88. लहानग्यांना, म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात नाही, तो वेगळा मोजलाय. मग फावतं केव्हा?

या शब्दाची किंमत काय होते ते आंध्रातल्या नरसापूरला कळतं. गोदावरीच्या मुखाजवळचं हे गाव. 19व्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आणि पुढे ती परदेशी जायला लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई तिथे जाऊन राहिल्या, बायकांशी बोलल्या, तास मोजले. 1982 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर'. त्यांनी दाखवलं ते असं: निर्यात होणारा माल हजारो बायका घरात बसून करत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं, त्या स्वतःही नाही. त्या 'घरात बसलेल्या गृहिणी', आणि लेस म्हणजे त्यांचा फावल्या वेळातला उद्योग. बाई शेतात मजुरीला जात नाही, घरातच असते, यात घराची इभ्रतही होती. कामगार नाही म्हटल्यावर किमान वेतनाचा प्रश्नच येत नाही. दलाल, व्यापारी, निर्यातदार या सगळ्यांचा धंदा झाला. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण मानांकन मालाला मिळतं, तासाला नाही.

आता आपल्याकडे या.

संक्रांत दीड महिन्यावर आलीय. आमच्या गावातल्या एका बचत गटाकडे वाणाची ऑर्डर आली. क्रोशाचे 60 बटवे, 30 रुपये नग. ऑर्डर देणाऱ्या ताई चांगल्या आहेत, मुद्दाम आपल्या बायकांना काम मिळावं म्हणून प्लॅस्टिकचे डबे सोडून इकडे आल्या. मी गटाच्या कर्जाच्या बातमीसाठी गेलो होतो, तिथे हा विषय चाललेला. गटाच्या अध्यक्ष काकू "घेऊन टाकू" म्हणत होत्या. मी विचारलं, काकू, एका बटव्याला वेळ किती लागतो? कुणालाच सांगता येईना. "होतो की दुपारचा, टीव्ही बघता बघता." शेवटी एकीने घड्याळ लावून एक बटवा केला. नाडी ओवण्यासकट अडीच तास. दोरा 18 रुपयांचा.

हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला, तो इथे देतो.

30 वजा 18, राहिले 12 रुपये. 60 बटव्यांचे 720. तास दीडशे. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ 19 दिवस. म्हणजे दिवसाला 38 रुपये.

2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला 39. रोजगार हमीवर खोदकाम करणाऱ्या बाईला तासाभरात जे मिळत होतं, त्याहून थोडं कमीच या बायकांना दिवसभरात मिळणार होतं. आणि रोजगार हमीची मजुरी काही फार होती असं मला तरी वाटत नाही.

खोलीत जरा वेळ शांतता. मग एक आजी म्हणाल्या, "अरे पण बाळा, असं मोजायला लागलो तर नातवाचं टोपडं कोण करील?"

आजींचं बरोबर आहे, आणि इथेच आपली गल्लत होते. नातवाच्या टोपड्याला दर नाही, नसावाही. लेकीच्या रुखवतात मांडलेलं तोरण, सुनेच्या बाळंतपणात रात्री जागून केलेले मोजे, यांचा हिशेब मांडणारा माणूस मलाही आवडणार नाही. (हल्ली अख्खं रुखवत भाड्याने मिळतं, तो भाग वेगळा.) पण तोच बटवा अनोळखी घरातल्या पन्नास-साठ बायकांच्या हातात वाण म्हणून पडणार असेल तर तो माल झाला. माल बाजारात आणि दर मात्र नातवाच्या टोपड्याचा, हे कसं चालेल? दोऱ्याचं दुकान आपल्याला मायेच्या भावाने दोरा देत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. रोजगार हमीचाच दर लावला तर बटवा 115 रुपयांना पडतो. आमच्या गावात वाणाला कोण 115 रुपये देणार? साठ वाणांचे सात हजार होतात. ऑर्डर देणाऱ्या ताईंना दोष देऊन भागत नाही, त्यांचंही घर पगारावर चालतं. "कलेची कदर करा" असं आपण फेसबुकवर लिहून मोकळे होतो, कदर करायला खिसा लागतो.

मार्ग काढला तो गटातल्या सगळ्यात लहान सुनेने. बारावी झालेली, मोबाइलवर बघून क्रोशाची सूर्यफुलं आणि छोटे अस्वलं करायला शिकलीय. तिचं म्हणणं, शहरातल्या मुली इन्स्टावर हेच विकतात, तर आधी वेळ धरतात आणि मग वस्तू ठरवतात. आपण आधी वस्तू ठरवतो, मग गिऱ्हाईक सांगेल तो दर घेतो. वाणाला बटवा कशाला? केसांच्या रबराला क्रोशाचं फूल लावू. अर्ध्या तासात होतं, रबर-दोरा मिळून 5 रुपये. तासाला 39 धरले तर 25 रुपयांत बसतं. ताईंच्या 30 रुपयांपेक्षा स्वस्त आणि काकूंच्या हाताला पूर्ण दर.

बारावी झालेल्या पोरीने पाच मिनिटांत सांगितलेलं हे, मेळाव्यातल्या तीन-तीन तासांच्या मार्गदर्शनात मी तरी कधी ऐकलं नाही. तिथे पॅकिंग सांगतात, ब्रँडिंग सांगतात, लोगो काढायला लावतात. घड्याळ लावून काम मोजा, हे कुणी सांगत नाही. पंचायत समितीचा स्टॉल असो की नगरपालिकेचं प्रदर्शन, माझी मागणी साधी आहे. प्रशिक्षणात एक दुपार फक्त यासाठी ठेवा: प्रत्येकीने आपली वस्तू घड्याळ लावून करायची आणि दर काढायचा. याला निधी लागत नाही. आणि दोरा घाऊक आणायची सोय सगळ्या गटांना मिळून करून द्या, किरकोळ दुकानातून एकेक गुंडा घेण्यात जे पैसे जातात ते वाचतील.

ताईंनी ऑर्डर बदलली. साठ फुलं, पंधराशे रुपये, निम्मे आगाऊ. काकूंनी आगाऊ पैसे मागितले तेव्हा त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता, पण मागितले.

गटाचे यंदाचे दर असे: फुलाचं रबर 25, बटवा 115 (फक्त ऑर्डरप्रमाणे). बाळाचं टोपडं-मोजे आणि दाराचं तोरण यांचं घड्याळ अजून लावायचंय, दर पुढच्या आठवड्यात ठरेल. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे उशिराच्या ऑर्डरीही घेतायत. घासाघीस करायची असेल तर आधी एक फूल स्वतः विणून बघा, सुई गटाकडे मिळेल.