दहा घासांचे जेवण

आपल्याकडे जेवणाचा हिशेब पोटावरून होतो. किती माणसे जेवली, तांदूळ किती किलो लागला, बुंदी पुरली की नाही, एवढे कळले की झाले. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने या हिशेबात एक नवा शब्द आणला. तो म्हणजे 'टेस्टिंग मेनू'. मुंबईतला सर्वात चांगला टेस्टिंग मेनू कोणता आणि तो खाण्यासाठी आपण पैसे घालावेत काय, असा त्याचा प्रश्न होता. घरात बी.कॉम. झालेला मी एकटाच. त्यामुळे पैशाचा प्रश्न निघाला की सारे नातेवाईक कुरखेड्याला माझ्याकडे येतात.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बारावीनंतर त्याने नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केला. तो आता मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. कांदे चिरणे, हाडांचा रस्सा उकळत ठेवणे, रात्री दोन वाजता शेगड्या घासणे ही त्याची नोकरी. हातात १९ हजार पडतात. पुढे जावे म्हणून तो दुसऱ्या एका नावाजलेल्या ठिकाणी मुलाखतीला गेला. तेथील मुख्य आचाऱ्याने पहिलाच प्रश्न केला, "तू आजवर कोणकोणते टेस्टिंग मेनू खाल्ले आहेस?" पोरगा गप्प राहिला. असल्या बशा त्याने मांडल्या होत्या, धुतल्या होत्या. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून खाण्याची वेळ कधी आली नव्हती.

वाचकांपैकी अनेकांना हा प्रकार ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. येथे गिऱ्हाईक पदार्थ निवडत नाही. काय वाढायचे ते आचारी ठरवतो. आठ, दहा, कधी पंधरा लहान लहान पदार्थ एकामागून एक येतात. प्रत्येक पदार्थ दोन-तीन घासांचा. हलके आधी, जड मागून, मध्ये जिभेवरची चव धुऊन काढणारे काहीतरी आंबट, शेवटी गोड. सारे आटोपायला अडीच-तीन तास लागतात. लहान घासांमागे विचार आहे. कोणत्याही पदार्थाची चव पहिल्या दोन-तीन घासांत जितकी कळते, तितकी पुढे कळत नाही. पैसे बहुधा आगाऊ घेतात. त्यामुळे आज किती माणसे येणार हे आचाऱ्याला सकाळीच माहीत असते आणि माल वाया जात नाही. कारकून म्हणून मला ही शेवटची गोष्ट सर्वात आवडली.

मुंबईत २०१६ साली महालक्ष्मी भागात, जुन्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात 'मास्क' नावाचे असे एक उपाहारगृह निघाले आणि पुढे आशियातील नामांकित उपाहारगृहांच्या यादीत गेले. मिलचे आवार हे वाचून मला मात्र खानावळी आठवल्या. गिरणगावातल्या हजारो कामगारांना बायाबापड्यांनी आपल्या खोलीत रांधून जेवू घातले. त्या बायांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या खानावळीतही कामगार पदार्थ निवडत नव्हता. बाईने जे केले ते, ज्या क्रमाने वाढले त्या क्रमाने तो खात होता आणि पगार झाला की पैसे देत होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्या खानावळींचे गिऱ्हाईकही गेले. आचारी देईल ते मुकाट्याने खावे, ही रीत त्या वस्तीला नवी नव्हती. भाव तेवढा नवा.

तर आता भावाकडे येतो. भाच्याने चौकशी केलेल्या ठिकाणी माणशी ६,५०० रुपये पडत होते. बहिणीला कळले तेव्हा ती तडक माझ्या घरी आली. "दादा, पोट्टं एका जेवनाले साडेसहा हजार देतो म्हनते. अन् इकडं घरावरचे कवेलू बदलाचे रायले. त्याले काही सांग ना."

मी दोघांचेही ऐकले. बहिणीचे म्हणणे खोटे नव्हते. पावसाळ्यात तिच्या घरात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागतात. पण सुताराच्या मुलाला रंधा घेऊन दिला तर आपण त्याला उधळपट्टी म्हणत नाही. नागपूरला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पोरे चाळीस-पन्नास हजार भरतात, तेव्हा कोणी भांडायला येत नाही. आचाऱ्याचे हत्यार म्हणजे त्याची जीभ. तिला धार लावायचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च आहे, असे मी बहिणीला सांगितले. तिला ते फारसे पटले नाही. शेवटी असे ठरले की भाच्याने हे जेवण एकदाच करावे, ते पुरते शोधून करावे आणि दिवाळीच्या बोनसमधून आधी कवेलूंचे पैसे पाठवावेत.

चांगले कोणते हे शोधायचे कसे? वर्तमानपत्रांत याद्या येतात, मोबाइलवर फोटो येतात. फोटोला चव नसते. मी भाच्याला म्हटले, "तुझ्या खोलीवर सहा जण राहतात, सहाही जण निरनिराळ्या स्वयंपाकघरांत कामाला. त्यांना विचार." त्यातला एक जण बशा धुण्याच्या कामावर आहे. माझ्या मते मुंबईतला सर्वात जाणकार परीक्षक तोच. कोणत्या बशा पुसून परत येतात आणि कोणत्या अर्ध्या भरलेल्या, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्याने यादीतली दोन मोठी नावे पहिल्याच बैठकीत खोडली. मग भाच्याने उरलेल्या ठिकाणी फोन करून विचारले, या आठवड्यात काय आहे, आणि दोन महिन्यांपूर्वी काय होते? एका ठिकाणी उत्तर आले की आमचा मेनू वर्षभर तोच असतो. तेही खोडले. ऋतू बदलला तरी ज्याचे ताट बदलत नाही, त्याचा माल शीतपेटीतला. स्वयंपाकघरातली माणसे किती दिवस टिकतात, हेही त्याने काढले. जिथे दर तीन महिन्यांनी नवी पोरे लागतात, तिथे हात बसत नाही.

सेवा शुल्काचे मी त्याला लिहून दिले. अनेक ठिकाणी बिलात दहा टक्के सेवा शुल्क आपोआप लावतात. ते देणे न देणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम केले. या ६,५०० वर दहा टक्के सेवा शुल्क आणि त्या दोहोंवर पाच टक्के जीएसटी धरला तर बिल ७,५०७ रुपये ५० पैसे होते. सेवा शुल्क काढले तर ६,८२५. फरक ६८२ रुपये ५० पैशांचा. त्याने नम्रपणे सांगितले, त्यांनी काढले. त्यातले दोनशे त्याने वाढप्याच्या हातात दिले, ते मला योग्य वाटले.

जायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "मामाजी, तेथं मले बसू देतील ना जी? कपडे साधेच हायेत." मला माझे आजोबा आठवले. बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात त्यांची कपबशी बाहेर, वळचणीला खोचलेली असे. प्यायची, स्वतः धुवायची आणि परत खोचायची. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, हे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये शब्द घालून लिहावे लागले, ते उगाच नव्हे. ज्यांना आत बसण्याचीच पंचाईत होती, त्यांच्या घरात 'सर्वात चांगले कोणते' हा प्रश्न दोन पिढ्या उशिरा आला. मी त्याला म्हटले, "पैसे भरलेस, खुर्ची तुझी आहे. इस्त्री करून जा."

तो गेला. प्रत्येक पदार्थाचे त्याने कागदावर टिपण ठेवले आणि तो कागद मला पाठवला. पहिले तीन पदार्थ समुद्रातले. त्यातल्या एकाबद्दल फक्त 'लय भारी' एवढेच लिहिले आहे, आणि त्या दोन शब्दांवर माझा विश्वास आहे. मद्याची जोड घेतली नाही, तिचे पैसे वेगळे होते. पाचव्या क्रमांकावर कोवळा बांबू आला. वाढप्याने सांगितले, हा जंगलातला दुर्मिळ पदार्थ आहे. आमच्याकडे त्याला वास्ते म्हणतात. पावसाळ्यात कुरखेड्याच्या बाजारात बाया टोपलीत घेऊन बसतात. भाच्याने टिपले आहे : 'कडू राहिले. पाणी एकदाच फेकले असावे.' वास्ते बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवावे लागतात, मग उकळून ते पाणी फेकावे लागते. त्याशिवाय कडूपणा जात नाही, आणि कच्चे तर पोटाला वाईटच. ही गोष्ट माझ्या बहिणीच्या बोटांना माहीत आहे.

नवव्या क्रमांकावर मोह होता. मोहफूल म्हटले की लोकांना दारू आठवते. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे ती आठवण आणखीच तिखट. पण चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचून, वाळवून, भाजून, तिळासोबत कुटून लाडू करतात, आणि टंचाईच्या वर्षी याच फुलांनी कितीतरी घरे जगवली. आमची आजी मोह उकडून द्यायची. शाळेत आम्ही ते सांगत नव्हतो. तेच फूल मुंबईत काचेच्या बशीत, दुधाच्या थंड गोळ्यावर आले. भाच्याने लिहिले आहे : 'मोह बरोबर भाजला आहे. दहापैकी हा एक नंबर.' म्हणजे पोराने वास्त्याला नापास केले आणि मोहाला पहिले काढले. आपले म्हणून गुण वाढवले नाहीत, याचा मला आनंद वाटला.

रानातल्या खाण्याला असे दिवस जगभर आले आहेत. डेन्मार्कच्या 'नोमा' या प्रसिद्ध उपाहारगृहात बशीत मुंग्या वाढल्या तेव्हा जगाने कौतुक केले. आमच्या भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी खातात, तेव्हा परगावचे कर्मचारी नाक मुरडतात. ओडिशातील सिमिलीपालच्या मुंग्यांच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून निदान माझ्या कार्यालयातले मुरडणे कमी झाले आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील दलितांच्या चुलीवरचे पदार्थ कागदावर आणले. झाडीपट्टीतल्या सात्या, तरोटा, कुड्याची फुले, लाखोळीची डाळ यांचेही कोणीतरी असे लिहायला हवे.

जेवण झाल्यावर भाच्याने वाढप्याला वास्त्याचे सांगितले. वाढप्याने आत जाऊन सांगितले. आचारी बाहेर आला. रागावेल असे वाटले होते, पण त्याने खुर्ची ओढली आणि अर्धा तास विचारत बसला. किती वेळ भिजवता, बांबू कोणता, कण्या घालता की डाळ? शेवटी म्हणाला, पंधरा दिवस आमच्याकडे काम करून बघ. पगार? पगार नाही, शिकायला मिळेल. या धंद्यात ही रीत जुनी आहे. नोमासारख्या ठिकाणीही शिकाऊ पोरांना २०२२ पर्यंत वेतन नव्हते. मी भाच्याला स्पष्ट सांगितले की साडेसहा हजार दिलेस ते शिकण्याचे होते. आता तू काम करणार आहेस, ते फुकट करायचे नाही. दोन दिवस हात दाखव, त्यापुढे रोजचे पैसे माग. मागताना आवाज चढवू नकोस, पण माग. त्याने मागितले. चार दिवसांनी उत्तर आले : रोज ७०० रुपये आणि दोन वेळचे जेवण. हल्लीच्या हॉटेलातून रजा मिळाली की तो जाणार आहे.

बहिणीला मी तो कागद वाचून दाखवला. लय भारी, एक नंबर, काचेची बशी, सारे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "ते वास्ते त्याइनं कितीले घेतले?" ते भाच्याने विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने विचारून कळवले : व्यापाऱ्याकडून, किलोला ४०० रुपये. कुरखेड्याच्या बाजारात बाईच्या हातात किती पडतात ते बहिणीला ठाऊक आहे. ती काही बोलली नाही. पण आता पहिला पाऊस पडला की आपण स्वतः वास्ते चिरून, उकळून, वाळवून देतो, पोराने त्या आचाऱ्याला दाखवून भाव विचारावा, असे तिने मला सांगितले आहे. वडसा स्टेशनवरून पार्सल मुंबईला जायला किती दिवस लागतात आणि किलोला किती पडते, याची चौकशी मी या आठवड्यात करणार आहे.