सहीचा कागद

आमच्या घरीं पदव्यांची वाण कधींच नव्हती. वडील गणिताचे पदवीधर, थोरले बंधू वकील, आम्ही स्वतः बँकेंतील हिशेब तपासण्यांत जन्म घालविला, आणि पुढच्या पिढींतील चारही मुलगे यंत्रशास्त्र शिकून मार्गास लागले. अशा घरांतील एकुलत्या एका मुलीनें, बंधूंच्या कन्येनें, २०२१ सालीं बारावीस उत्तम गुण मिळवून समाजकार्याच्या पदवीसाठीं नांव घातलें, तेव्हां खोपटांतील आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोन दिवस कोणी मोकळेपणानें जेवलें नाहीं. "समाजकार्य करावें, पण त्याची पदवी कशाला?" हा वहिनींचा प्रश्न. आमच्या मातोश्रींचा त्याहून व्यवहारी: "स्थळ आलें तर काय शिकली म्हणून सांगायचें?"

वस्तुतः हें शिक्षण आपल्याकडे नवें नव्हे. मुंबईस १९३६ सालींच सर दोराबजी टाटा ह्यांच्या नांवें समाजकार्याचें विद्यालय निघालें; आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. पुढें १९५५ त मुंबईस निर्मला निकेतन आणि १९६३ त पुण्यास कर्वे समाजसेवा संस्था निघाली. परदेशांत तर कांहीं विद्यापीठें 'सामाजिक न्याय' ह्याच नांवाची पदवी देतात. हें सर्व आम्हांस ठाऊक झालें तें मुलगी शिकूं लागल्यावर. तोंवर समाजकार्य म्हणजे गणपतीच्या वर्गणीची पावती फाडणें, इतकीच आमची समजूत होती.

एके रात्रीं तिनें बंधूंना विचारलें, "बाबा, घटनेच्या उद्देशिकेंत आधीं काय येतें, स्वातंत्र्य कीं समता?" तीस वर्षें वकिली केलेल्या गृहस्थांनीं स्वातंत्र्य म्हणून सांगितलें. आधीं न्याय येतो, आणि न्यायांतही सामाजिक न्याय आधीं, हें मुलीनें पुस्तक उघडून दाखविलें. बंधूंनीं चष्मा पुसला आणि ताक मागितलें.

मातोश्रींचा विरोध मात्र एका पुस्तकानें मावळला. गोदावरी परुळेकर ह्यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें १९७० सालचें पुस्तक मुलगी त्यांस दुपारीं वाचून दाखवीत असे. पुण्याच्या गोखल्यांची मुलगी, कायद्याची पदवीधर, भारत सेवक समाजाची सभासद; ती वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन राहते, ह्याचें मातोश्रींस विलक्षण कौतुक वाटलें. त्यांतील स्थळेंही आमच्या ओळखीचीं. १९४५ च्या जानेवारींत किसान सभेची परिषद भरली ती टिटवाळ्यास, जेथें आम्ही चतुर्थीस गणपतीच्या दर्शनाला जातों. तलासरी व उंबरगांव हे भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होते. वारल्यांनीं वेठ करावयाची नाहीं आणि १२ आण्यांहून कमी रोजानें कामास जावयाचें नाहीं, असें त्या वर्षीं ठरविलें. लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं नवराबायकोनें सावकाराच्या दारीं राबत राहावयाचें, ही हकीकत ऐकतांना मातोश्रींच्या डोळ्यांस पाणी आलें. आम्हीही शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र खालीं ठेवून ऐकत असूं. ते जमीनदार किती निर्दय, असें आम्हांस अगदीं मनापासून वाटे.

आतां आमची गोष्ट. ह्या पदवींत आठवड्याचे दोन दिवस वस्तींत जाऊन काम करावें लागतें. दुसऱ्या वर्षीं मुलीकडे काम आलें तें घरकाम करणाऱ्या बायकांची नोंदणी करून देण्याचें. महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झालेला आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांची त्याखालीं नोंद होते. पंचावन्न वर्षें पूर्ण केलेल्या नोंदित बायकांस १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजनाही शासनानें काढली. अर्जासोबत, ही बाई आमच्याकडे काम करते, असा घरमालकाचा दाखला हवा होता.

२०२२ च्या दिवाळीपूर्वीं मुलीनें असा एक कागद आमच्यापुढें ठेवला. आमच्याच घरच्या कामाच्या मावशींचा. "काका, येथें सही करा. आणि त्यांचें पूर्ण नांव सांगा." नांव आम्हांस सांगतां आलें नाहीं. वहिनींस आलें नाहीं. मातोश्री म्हणाल्या, "मावशी म्हटलें कीं ती येते, आडनांव कशाला लागतें?"

सहीही आम्हीं केली नाहीं. एकदां कागदावर मालक म्हणून सही गेली, कीं उद्यां भरपाई मागतील, रजा मागतील, अशी भीति हिशेबनिसाच्या मनांत उभी राहिली. कायद्यांत तसें कांहीं नाहीं, हें बंधूंनींही सांगितलें. पण तेही "दिवाळी होऊं द्या, पाहूं" असेंच म्हणाले. "आपण त्यांना घरच्यासारखें वागवितों, मग कागद हवा कशाला?" असें आम्ही बोलून गेलों. मुलगी म्हणाली, "काका, तलासरीचे जमीनदारही ह्याहून निराळें काय म्हणाले असतील?" तिला त्या दिवशीं आम्हीं फार रागावून बोललों. तो राग तिच्यावर नव्हता, हें कळावयास वेळ लागला.

दिवाळी गेली, मार्गशीर्षही गेला. कागद आमच्या टेबलावर पंचांगाखालीं पडून होता. मुलीनें पुन्हां मागितला नाहीं. मावशी रोज सकाळीं त्या टेबलावरची धूळ पुसीत, कागद उचलीत आणि पुन्हां होता तसा ठेवीत. संक्रांतीस त्यांनीं आम्हांस तिळगूळ दिला, त्या दिवशीं आम्हीं सही केली.

मुलगी दुसऱ्या दिवशीं अर्ज घेऊन गेली व तसाच परत घेऊन आली. आधारपत्रावर मावशींची जन्मतारीख १ जानेवारी १९६३ आहे. ज्यांचा जन्म कोणीं टिपून ठेविला नाहीं, अशा कितीकांची तारीख ही पहिली जानेवारीच असते. पंधरवड्यापूर्वीं त्यांस साठ वर्षें पूर्ण झालीं होतीं.

आम्हीं १०,००० रुपये पाकिटांत घालून मावशींपुढें ठेविले. मुलगी गप्प राहिली. मावशींनीं पाकीट घेतलें, "पगारांत कापूं नका म्हणजे झालें" असें म्हणाल्या, आणि मग तो निरुपयोगी झालेला दाखला मागितला. आपलें नांव कोठें लिहिलें आहे तें मुलीकडून बोट ठेवून समजावून घेतलें. "आणि हें काय लिहिलंय?"

"अकरा वर्षांपासून धुणीं-भांडीं करतात, असें," मुलीनें वाचलें.

"अकरा नाहीं, चौदा. धाकट्याच्या मुंजीच्या सालीं लागले मी. आणि आजींचं अंग पुसणं, तें कुठें आहे?"

मुंजीचें साल आम्हीं वहींत काढून पाहिलें. त्यांचेंच बरोबर होतें. मुलीनें नवा कागद घेतला, मावशी सांगत गेल्या तसें लिहिलें, आणि आम्हीं त्यावर पुन्हां सही केली.