चूल बदलायची तर आधी सरपण बघा

आज पिकाचं नाही, चुलीचं लिहितोय. पण सरपण आपल्याच शेतातलं, म्हणून इथंच.

घरात गॅस आहे. चहा, भाजी, डाळ-भात त्यावरच होतो. बाजरीच्या भाकरी मात्र चुलीवर, कारण तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, बाभळीचा फाटा सगळं घरचं. आई अडुसष्टची. दोन वर्षं खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता एवढंच विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?"

मग मी शहाणपणा केला. आईला न विचारता एका प्रदर्शनातून पंख्याची चूल आणली. धूर जवळजवळ नाहीच. पण तिला बोटाच्या पेराएवढे वाळके तुकडे लागायचे. एकदा भरून वरून पेटवली की मधे सरपण घालायचं नाही. सात-आठ भाकरी थापायच्या आणि पाचव्याला जाळ संपायचा. कोयत्यानं तुकडे कोण करत बसणार? आठवड्यात ती चूल माळ्यावर गेली. चूक चुलीची नव्हती, निवडीची होती.

दिवाळीआधी पाणी तापवायचा तांब्याचा बंब गळायला लागला. तो घेऊन पुण्याला कसबा पेठेत, तांबट आळीत गेलो. आईला मुद्दाम सोबत नेलं. कारागिरानं बंब आडवा केला तशी आतली रचना दिसली: खाली जाळी, मधून उभी नळी, नळीभोवती पाणी. आई म्हणाली, "हीच लाकडं बंबात जाळतो. मग तो चुलीवानी का धुपत न्हाई रं?"

प्रश्न बरोबर होता. बंबही पेटवताना धुपतो. पण नळी तापली की गरम हवा वर पळते आणि जाळीखालून ताजी हवा ओढून घेते. राख खाली पडते, निखाऱ्याला वारा मिळतो. तीन दगडांच्या चुलीत हवा कुठूनही येते, जाळ थंड होतो आणि लाकडातून निघालेला वायू न जळताच बाहेर पडतो. धूर म्हणजे न जळलेलं सरपण. आपण लाकूड वाया घालवतो आणि तेच आईच्या छातीत जातं.

तिथून चालत रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. यावेळी तीन गोष्टी ठरवून गेलो होतो.

पहिली, सरपण. आपली तुरकाटी बारीक आणि लांब. तिला रॉकेट पद्धतीची चूल सोयीची: समोरून काटक्या सारायच्या, आत उभी नळी, म्हणजे बंबासारखीच ओढ. ज्याच्याकडे ढलप्या किंवा गोळ्या आहेत, त्यानं वरून पेटवायची गॅसिफायर चूल बघावी.

पुण्यातल्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली. त्याला २००२ साली ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. त्यांच्या सराई कुकरमध्ये मूठभर कांडीकोळशावर वरण-भात शिजतो. पण भाकरी त्यात होत नाही, आणि पाचट मी सरीतच कुजवतो. शिवाय कोळशाला धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साईड सुटतो. बंद खोलीत तो कधीच पेटवू नका.

दुसरी, भांडं. आईनं पिशवीतून घरचा तवा काढला आणि दुकानात चुलीवर ठेवून बघितला. दुकानदार हसला. पण पहिल्या दोन चुलींवर तवा डगमगला. तिसरीवर बसला, तीच घेतली.

तिसरी, छाप. सुट्या चुलींसाठी आयएस १३१५२ हे भारतीय मानक आहे. त्यात साध्या ओढीच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता लागते. उघड्या चुलीची साधारण १० टक्के धरतात. पण ही चाचणी वाळलेल्या लाकडावर होते. ओलं लाकूड घातलं तर कुठलीही चूल धुपणारच. आधी पाणी वाळवण्यात उष्णता जाते, मग तवा तापतो.

आता घरचा हिशेब. ताणकाट्यानं आठवडाभर सरपण मोजलं. तेवढ्याच भाकरींना आधी रोज चार किलोच्या आसपास जायचं, आता अडीच किलोवर भागतं. भाकरी शेवटी निखाऱ्याशी उभी करून फुगवायची सोय इथं नाही, म्हणून तारेची जाळी घेतली. आई म्हणते, पहिल्यासारखा खरपूसपणा नाही. खरंय. म्हणून जुनी चूल मोडली नाही, अंगणात नेली. मांडे आणि पाहुणे असले की तिथं.

खोकला गेला असं म्हणणार नाही. पहाटेची ढास कमी झालीय. नवी चूलही खिडकीखालीच ठेवलीय, कारण थोडा धूर तिलाही आहेच.

चूल घ्यायला जाताना जी बाई तिच्यापुढं बसणार आहे, तिला सोबत न्या. आणि तवासुद्धा. पावसाआधी तुरकाट्या पत्र्याखाली घ्यायला विसरू नका.