गुंठ्यावर चार माणसे

आमच्या रांजणगावात एक शेतकरी आहेत. मी त्यांना तात्या म्हणतो. त्यांचा दोन एकरांचा तुकडा ओढ्याला लागून आहे. औद्योगिक वसाहत आल्यापासून कामगारांना राहायला खोल्या हव्या असतात, त्यामुळे गुंठ्यागुंठ्याने जमीन मागायला तात्यांच्या दारी रोज कोणी ना कोणी उभे असते. "साहेब, पोरं म्हणतात विकून मोकळं होऊ. तुमचं काय म्हणणं?" त्यांनी मला विचारले. प्रश्न खताचा किंवा बियाण्याचा असता तर तिथल्या तिथे उत्तर दिले असते. या प्रश्नावर मात्र "बघू" म्हणून मी वेळ मारून नेली.

पुढच्याच महिन्यात मेहुणीच्या घरच्या लग्नासाठी उल्हासनगरला जाण्याचा योग आला. पुण्याहून निघालेली आमची गाडी उल्हासनगर ओलांडून कल्याणला थांबली. तिथून लोकलने दोन स्टेशने मागे आलो. बाहेर पाऊल टाकले तो माणसांचा लोंढा! चतुर्थीला महागणपतीच्या दारात असते तशी गर्दी, पण इथे ती रोजचीच.

दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या नगराचा पाया घातला. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असेच सांगतात.

घरदार, शेतीवाडी मागे टाकून आलेली ही माणसे हातावर हात ठेवून बसली नाहीत. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी फेरीवर माल विकला. त्यातूनच पुढे फर्निचरचा आणि कपड्यांचा मोठा बाजार उभा राहिला. जीन्सच्या विजारी शिवणारे कारखाने घराघरांत निघाले. कष्टाला आणि जिद्दीला दाद द्यावी तेवढी थोडीच.

पण शेतीखात्याच्या माणसाची नजर आधी जमिनीवर जाते. या शहराचे क्षेत्र सुमारे १३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भाषेत सव्वातीन हजार एकर. २०११ च्या जनगणनेत तिथे ५ लाख ६ हजार माणसे मोजली गेली. लग्नाच्या मांडवात बसून मी पत्रिकेच्या मागे हिशेब मांडला: गुंठ्याला जवळजवळ चार माणसे! तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद जागेत चार जीव. रस्ते, शाळा, दवाखाने, बाजार आणि स्मशानही त्याच जागेत आले.

घरे आधी झाली. रस्ता, गटार, मोकळी जागा यांचा विचार मागाहून. बेकायदा इमारती इतक्या झाल्या की त्या नियमित करण्यासाठी २००६ साली राज्याला या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला.

शहरातून वालधुनी नावाची लहानशी नदी वाहते. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला वळसा घालून ती इथे येते. पुलावर उभा राहिलो तर नाकाला रुमाल लावावा लागला. काठ बांधकामांनी आवळलेले, पाणी काळे. २६ जुलै २००५ च्या पावसात हीच नदी लोकांच्या घरांत शिरली. २०१४ मध्ये कोणीतरी तिच्यात रसायन सोडले, तेव्हा काठच्या शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले.

पुलावर मला माझ्याच घरची चूक आठवली. बारा वर्षांपूर्वी आम्ही भावांनी ओढ्याकडेचे दहा गुंठे विकले. ओढ्याची वाट तेवढी मोकळी ठेवा, असे खरेदीखतात लिहून घेण्याचे मला सुचले नाही. शेतकऱ्यांना बांधबंदिस्ती शिकवणारा मी! घेणाऱ्याने ओढ्यात दोन नळ टाकून वर भराव केला. आता मोठा पाऊस झाला की पाणी धाकट्याच्या कांद्यात शिरते. तो मला काही बोलत नाही, पण वहिनी बोलतात आणि त्यांचे खरे आहे.

परत आल्यावर तात्यांकडे गेलो. म्हटले, "तात्या, विकायचे की नाही ते तुम्ही आणि पोरांनी ठरवा. गरज खरी असते. पण विकायचेच तर मोजणी करून घ्या. ओढा आणि त्याच्या दोन्ही काठांची जागा सोडून द्या. बैलगाडी नव्हे, आगीचा बंब वळेल एवढा रस्ता नकाशात काढा. सांडपाणी कुठे जाणार ते आधी विचारा, आणि मंजुरीचा कागद बघितल्याशिवाय सही करू नका."

तात्या म्हणाले, "साहेब, एवढं सोडलं तर तीन-चार गुंठे पैशावाचून जातील."

"जातील," मी म्हणालो. "आमचे दहा गुंठे पैसे देऊन गेले, त्याचे पाणी अजून घरात येते."

धाकटा मुलगा उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. तो आत गेला आणि सातबारा घेऊन आला. आम्ही तिघे ओढ्याकडे निघालो.