एक बार झाल्यावर

आमचे गाव भोकरदन तालुक्यातले, असईपासून फार लांब नाही. पण असईची लढाई म्हणजे माझ्या लेखी शाळेतले एक साल होते : १८०३. पाठ केले, लिहिले, विसरले. पुढे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) उल्हासनगरला फर्निचरच्या कारखान्यात सुतारकामाला लागले, आम्ही बदलापूरला खोली घेतली आणि आमच्या घरातले पहिले माणूस, म्हणजे मी, कॉलेजात जाऊ लागले.

गेल्या वर्षी कॅम्प नंबर तीनमधल्या रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी कादंबरी हाती लागली. बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स ट्रायम्फ’. चाळता चाळता ‘असई’ दिसले आणि मी तिथेच फतकल मारून बसले! आमच्या असईवर इंग्रजी कादंबरी! एकीकडे शिंदे-भोसल्यांच्या फौजा, दुसरीकडे आर्थर वेलस्ली. याच वेलस्लीने १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवले; पण आपली सर्वांत चांगली लढाई असईचीच, असे तो म्हातारपणीही म्हणे. मांडीवर शब्दकोश घेऊन लोकलमध्ये महिनाभर ती कादंबरी वाचली. रात्री दादांना सांगायची. बंदुका धडाडल्या, धूर झाला, असे मी रंगवून सांगत होते, तर दादा म्हणाले, “एक बार झाल्यावर मंग काय करायचं?”

मला सांगता येईना. मग ग्रंथालयात शोधले. चकमकीच्या बंदुकीला तोड्याच्या बंदुकीसारखी जळती वात लागत नाही. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो. चाप ओढला की तो पोलादी पत्रीवर आपटतो, ठिणगी कानाजवळच्या रंजकेवर पडते आणि बार होतो. की पुन्हा काडतुसाचा कागद दातांनी फाडा, रंजक घाला, उरलेली दारू नळीत ओता, गोळी टाका, गजाने ठासा. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढी. म्हणजे वीस सेकंद नुसते उभे राहायचे. तेही समोरून माणसे येत असताना!

स्नेहसंमेलनातल्या एकांकिकेला बंदूक हवी होती. मी दादांचे नाव सांगून मोकळी झाले. दादांनी चित्र पाहून सोफ्याच्या उरलेल्या सागवानातून दस्ता कोरला. अंबरनाथला लेथवर काम करणाऱ्या मामांनी एक तोंड बंद केलेला ३९ इंचांचा पाइप दिला. कंपनी सरकारच्या बंदुकीची नळी तेवढीच असे. घोडा लाकडाचा, पण मागेपुढे हलणारा. आठ रात्री हे काम चालले होते.

प्रयोगाच्या दिवशी रंगमंचामागे कुणीतरी म्हणाले, “वा! अस्सल उल्हासनगरचा माल!” सगळे हसले. मीही हसले. दादा बंदूक धरून तिथेच उभे होते.

परतताना गाडीत मी खिडकीबाहेर पाहत होते. दादाच म्हणाले, “नक्कलच हाय ती. त्यात वाईट काय?” तेव्हा मी त्यांना सांगितले, की शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या बंदुकाही नकलाच होत्या; विलायती नमुना पुढे ठेवून आग्र्याच्या कारखान्यात केलेल्या. दादा एकदम सरसावून बसले. “तिथं दस्ते कोन करीत असंल?”

याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. कॉर्नवेलच्या कादंबरीत शिंद्यांच्या बाजूने ठळक दिसतात ते डॉड आणि पोलमन, दोघेही गोरे. ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ आणली, ती यशवंतराव होळकरांची. तिथे सुताराला कोण विचारतो! कादंबरीकारांवर माझा राग नाही. पण आता लढाईचे पान आले, की मी आधी बंदुकीवरचा हात शोधते.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा दादा आपण होऊन असईला घेऊन गेले. केळणा नदीकाठी शेतेच शेते. शिंद्यांचे स्वार निघून गेल्यावरही पायदळ आणि गोलंदाज इथे लढत राहिले होते. इंग्रजी फौजेचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. दादांनी विचारले, “गोळी कुठवर जायची नेमकी?” मी म्हटले, “शंभरेक पावलं धरा.” त्यांनी चपला हातात घेतल्या आणि मोठ्याने पावले मोजत ते ढेकळांतून निघाले. शंभरावर थांबले, वळले आणि माझ्याकडे हात करून ओरडले, “आता घड्याळ लाव, मी पळत येतो!”