वाळूतली पाळी

आमच्या शिरोळ तालुक्यात पाण्यानं जमीन मेलेली मी लहानपणापासून पाहत आले. उसाला पाणी पाजून पाजून रानात मीठ फुटलं आणि चांगली काळी रानं पडीक पडली. म्हणून शेतकीची पदवी घेऊन पहिल्याच नोकरीत, माती तपासायच्या कामावर बीकानेर जिल्ह्यात पोचले, तेव्हा पाणी आणून वाळवंटाची शेती केली हे काही केल्या माझ्या डोक्यात बसेना.

पंजाबात सतलज आणि बियास एकत्र येतात, तिथल्या हरिके बंधाऱ्यावरून हे पाणी आणणारा इंदिरा गांधी कालवा निघतो. काम 1958 साली सुरू झालं. वसाहतीसाठी वाळूवर चौकोन आखले. 25 बिघ्यांचा एक मुरब्बा, म्हणजे सव्वासहा हेक्टरांच्या आसपास. वस्त्यांची नावं म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं. पत्ता विचारण्यापासूनच मी गोंधळले.

ज्यांच्याकडं मी उतरले होते ते चाचाजी मूळचे हिमाचलातल्या कांगड्याचे. पोंग धरणात गाव गेलं आणि वडलांना इथं मुरब्बा मिळाला. कागदावर मिळाला, जागेवर वाळूचे टिब्बेच होते. ट्रॅक्टरमागं लोखंडी फळी लावून टिब्बा ओढायचा, सखलात लोटायचा, की पुढच्या आंधीत निम्मी वाळू परत. पोंगच्या कित्येक विस्थापितांनी जमिनी विकून डोंगर गाठले. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पाण्याची पाळी आठवड्यातून एकदा, बिघ्यामागं मिनिटं ठरलेली. मी गेले त्या खेपेला आमची पाळी मध्यरात्रीनंतर होती आणि संध्याकाळीच आंधी येऊन गेली होती. खाळा, म्हणजे शेताकडं येणारा पाट, वाळूनं बुजलेला. चाचीजी फावडं घेऊन पुढं, मी बॅटरी धरून मागं. क्षणभर दम खाऊ म्हटलं तर म्हणाल्या, "बेटी, आपली मिनिटं संपली की पाणी पुढच्याचं."

पाणी आलं, गढूळ, काटक्या ढकलत. मी दारं धरलं. नव्यानं सपाट केलेल्या वाफ्यात ते शिरलं आणि दिसेनासं झालं. आमच्याकडं एवढ्या वेळात गुडघाभर चिखल झाला असता. इथं वाफा भरेचना. मग चाचाजींनी मला शेजारच्या जुन्या तुकड्यात नेलं. तिथं वर्षानुवर्षं शेणखत टाकलंय, ग्वार पेरून गाडलीय. ओली माती मुठीत दाबली तर तिचा गोळा झाला. नव्या वाफ्यातली बोटांतून निसटली. योजनेनं पाणी दिलं, माती या कुटुंबानं केली, असं माझं स्पष्ट मत आहे. वसाहतीच्या आकडेवारीत या मेहनतीचा रकाना असायला हवा.

आणि तरी शिरोळ तिथंही भेटलंच. हनुमानगडकडं 'सेम' आलेली रानं पाहिली: पांढरा थर, पाण्यात उभी वाळलेली झाडं. कालव्याखालच्या बऱ्याच भागांत वाळूखाली जिप्समचा किंवा चिकणमातीचा घट्ट थर आहे. मुरलेलं पाणी त्यावर साठतं आणि क्षार घेऊन वर येतं. पाणी आणण्याइतकीच त्याच्या निचऱ्याची तजवीज सुरुवातीपासून व्हायला हवी होती. याचा मला राग येतो, कारण आमच्याकडंही तेच झालं.

चाचाजींच्या शेतात सखल कोपऱ्याला ओल टिकू लागलीय. आमच्याकडं जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकून निचरा करतात, हे मी त्यांना काठीनं आखून दाखवलं. एकट्याचं काम नव्हे, पाणी सोडायला पुढं नाला लागतो, शेजारी तयार व्हावे लागतात. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, पुढच्या पाळीला चकातले, म्हणजे या खाळ्यावर पाणी घेणारे सगळे इथं असतील, तेव्हा हे त्यांनाही दाखव.