मैत्रीची कादंबरी

माझे मामू मराठी शाळेत एकही दिवस गेले नाहीत. तरी त्यांचे मराठी माझ्यापेक्षा सरस आहे. मी बी.एड. झाले, आता उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. पण एखादी म्हण अडली, तर आजही मामूंनाच विचारते. हे मराठी त्यांना एका मित्राने शिकवले. त्याच मित्राने त्यांना व्यसनातून बाहेर येण्यास मदत केली. त्या दोघांच्या मैत्रीवर मी एक कादंबरी लिहीत आहे. ती लिहिताना मला जे कळले, ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

मामू तेव्हा मदनपुऱ्यात राहत आणि गिरगावातील एका बुकबाइंडरकडे कामाला जात. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालून फर्मे करायचे, ते शिवायचे आणि खळ लावून पुठ्ठा चढवायचा, असे ते काम. दिवसभर मराठी पुस्तके हातांखालून जात. पण त्यांतले एक अक्षरही मामूंना वाचता येत नसे. शेजारी लालबागचा एक मुलगा कामाला बसे. त्याचे वडील गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे अनेकांना पुन्हा काम मिळालेच नाही. घर चालवण्यासाठी या मुलाला शाळा सोडावी लागली. जेवणाच्या सुट्टीत तो एखादा खराब झालेला फर्मा घेई आणि मामूंना अक्षरे ओळखायला शिकवी. मामू त्याला शेर ऐकवत. रविवारी दोघे लालबागच्या चाळीत जेवत. मित्राच्या आईला मामूही 'आई' म्हणू लागले.

त्याच काळात मुंबईत गर्दची नशा पसरली. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच एक अशुद्ध प्रकार. माणूस सुरुवातीला मजा म्हणून तिच्याकडे वळतो. थोड्याच दिवसांत शरीराला तिची सवय होते. मग ती मिळाली नाही, की अंग ठणकते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, झोप उडते. आता तो मजेसाठी नशा करत नसतो. त्रास टाळण्यासाठी करत असतो.

मामू या जाळ्यात अडकले. पगार पुरेना, तेव्हा ते उसने पैसे मागू लागले. नंतर घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या. एके दिवशी त्यांनी मित्राच्या घरातील तांब्याची कळशी उचलली आणि भंगारात विकली. ज्या आईने त्यांना इतके रविवार जेवू घातले, तिच्याच घरची ती कळशी होती.

मित्र चार दिवस त्यांच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी तो मदनपुऱ्याला आला आणि त्याने माझ्या नानांना सारे सांगितले. "चाचा, मी याला आता एक रुपयाही देणार नाही. तुम्हीही देऊ नका. पण उपचाराला कुठेही न्यायचे असेल, तर मी बरोबर येईन," असे तो म्हणाला. मामू त्याच्यावर फार चिडले. मित्राने दगा दिला, असे त्यांना तेव्हा वाटले.

डॉ. अनिल अवचट यांनी याच सुमारास गर्दच्या व्यसनाविषयी वृत्तपत्रात लेखमाला लिहिली होती. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. पुढच्याच वर्षी मित्र मामूंना घेऊन पुण्याला गेला. उपचार घेऊन मामू घरी आले. पण काही महिन्यांनी पुन्हा घसरले. मित्राने पुन्हा पुण्याची गाडी धरली. त्यानंतर मात्र मामूंनी गर्दला हात लावला नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आले. तिची कादंबरी होऊ शकते, हे मात्र मला एका परदेशी लेखकामुळे सुचले. दादरच्या ग्रंथालयातून मी 'शांताराम' ही कादंबरी आणली होती. मूळ पुस्तक इंग्रजी. ते २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याचा मराठी अनुवाद अपर्णा वेलणकर यांनी केला आहे.

या कादंबरीचे लेखक ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स हे ऑस्ट्रेलियाचे. संसार मोडला आणि लेकीचा ताबा गेला, तेव्हा ते हेरॉइनच्या आहारी गेले. नशेच्या पैशांसाठी खोटे पिस्तूल दाखवून त्यांनी लूटमार केली. त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. १९८० साली ते तुरुंगातून पळाले आणि पुढे मुंबईत येऊन राहिले. १९९० साली ते जर्मनीत पकडले गेले. त्यांना ऑस्ट्रेलियाला परत पाठवण्यात आले आणि उरलेली शिक्षा भोगावी लागली. तुरुंगात त्यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. पहारेकऱ्यांनी तिचे हस्तलिखित दोनदा नष्ट केले. तरी त्यांनी ती पुन्हा लिहून काढली. छापून झालेली कादंबरी नऊशेहून अधिक पानांची आहे.

कादंबरीच्या नायकाला मुंबईत प्रभाकर नावाचा एक हसतमुख वाटाड्या भेटतो. प्रभाकर त्याला आपल्या गावी नेतो. तिथे नायक मराठी शिकतो. प्रभाकरची आई त्याला 'शांताराम' हे नाव देते. ज्याच्या मागे पोलीस आहेत आणि ज्याच्या मनात कसलीच शांती नाही, त्याला एका खेडुत बाईने हे नाव दिले! पुढे तो कफ परेडजवळच्या झोपडपट्टीत राहतो आणि आजाऱ्यांवर औषधपाणी करतो. पण तो एकदम सज्जन होत नाही. तो गुन्हेगारांत सामील होतो. प्रभाकरच्या मृत्यूनंतर पुन्हा नशेकडे वळतो आणि सोबत्यांना त्याला बाहेर ओढावे लागते.

यातले खरे किती आणि रचलेले किती? लेखकानेच सांगितले आहे, की काही प्रसंग आयुष्यातले आहेत, काही अनुभवाच्या आधारे रचले आहेत. हे आत्मचरित्र नव्हे. मला एक गोष्ट विशेष वाटली. लेखकाने आपल्या नायकाचे दोष झाकले नाहीत. पुस्तक लिहिले म्हणून त्यांची शिक्षाही माफ झाली नाही. मात्र त्या मैत्रीने काय दिले, ते जगाला कळले.

पुस्तक संपवून मी मामूंकडे गेले. "मामू, तुमची गोष्ट लिहू का?" असे विचारले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिही बेटा. आधी माझ्या दोस्ताला विचार. आणि कळशी गाळू नकोस."

"पण ते वाचून लोक तुम्हांला नावे ठेवतील," मी म्हणाले.

"ठेवू देत. कळशी गाळलीस, तर त्यानंतरही आईने मला ताट वाढले, हे कुणाला कळणार?"

ते काका आता विरारला राहतात. मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा ते हसू लागले. "माझ्याबद्दल काय लिहिणार? मी तर नुसता गाडीत शेजारी बसलो होतो," असे ते म्हणाले. त्यांनी एकच अट घातली. नावे बदलायची. म्हणून मी नावे बदलली, कारखानाही दुसरीकडे नेला. कादंबरीचा हा मोठा उपयोग आहे. माणसांची अब्रू सांभाळून तिच्यात खरे बोलता येते.

ही कादंबरी मी मराठीत लिहीत आहे. उर्दू माझी मातृभाषा आहे आणि ती मला प्रिय आहे. पण हे दोघे मराठीत भांडले, मराठीत रुसले आणि पुण्याच्या गाडीत मराठीतच एकमेकांशी बोलले. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे हवे आहेत.

मुलांनो, तुमच्यापुढेही कोणी कधी नशेची वस्तू धरील. "एकदा घेऊन तर बघ," असे म्हणेल. त्याला स्पष्ट नाही म्हणा. आणि तुमचा एखादा मित्र अडकलाच, तर त्याचे गुपित पोटात ठेवू नका. त्याला पैसे देऊ नका. घरच्या मोठ्या माणसांना किंवा शिक्षकांना सांगा. तो तुमच्यावर रागावेल. रागावू द्या, पण त्याला सोडून जाऊ नका.

माझी अकरा प्रकरणे लिहून झाली आहेत. लालबागच्या त्या आजी आज हयात नाहीत. पुस्तक छापून झाले, की पहिल्या प्रतीची बांधणी मामू स्वतःच्या हाताने करणार आहेत. ती प्रत विरारच्या काकांना द्यायची, असे आमचे ठरले आहे.